गोव्यातलं इन्क्विझिशन : तुळस, हळद आणि शेजाऱ्याची नजर

मांडवीकाठ (धागाकर्ता)

१४ एप्रिल १७३६ला गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतल्या कॅथलिक धर्मन्यायालयाने, एक फर्मान काढलं. ख्रिस्ती झालेल्या देशी लोकांनी आपल्या घरात काय करायचं नाही, याची ती लांबलचक यादी आहे. लग्नात हळद लावायची नाही, ओव्या म्हणायच्या नाहीत, विडे वाटायचे नाहीत. दारात तुळस नको. मूल जन्मलं की सहाव्या रात्री जागायचं नाही. एकादशी धरायची नाही. पुरुषांनी पुडवं (धोतर) नेसायचं नाही, बायकांनी चोळी घालायची नाही. आणि हिंदूंच्या रीतीप्रमाणे भात अळणी शिजवायचा नाही.

या यादीतल्या शेवटच्या कलमापाशी मी थांबलो. तपेल्यात मीठ पडलंय की नाही, हे जुन्या गोव्यात बसलेल्या न्यायाधीशाला कसं कळणार? शिपाई गावात येऊन गेला तरी त्यालाही कळणार नाही. ते कळतं चुलीपर्यंत पोचणाऱ्या माणसाला. जावेला, सुनेला, कामाला येणाऱ्या बाईला, विस्तव मागायला आलेल्या शेजारणीला. हे कलम लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं की घराच्या आतून बातमी देणारं कोणीतरी मिळतं. तोवर हे न्यायालय सुरू होऊन पावणेदोनशे वर्षं झाली होती.

मराठीत या विषयावर बोलणं निघालं की देवळं पाडली आणि माणसं जाळली, एवढ्यावर आटोपतं. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही भयंकर आहे. पण माणसाच्या श्रद्धेवर पाळत ठेवायची असेल तर राज्याला लोकांचेच डोळे आणि कान वापरावे लागतात. एकदा ते वापरले की माणसामाणसांतला विश्वास मोडतो, आणि न्यायालयाला कुलूप लागलं म्हणून तो आपोआप जुळत नाही. मला या नुकसानाबद्दल लिहायचं आहे.

थोडी पार्श्वभूमी. पोर्तुगीजांनी १५१०मध्ये गोवा घेतला, १५४३च्या सुमारास शेजारचे बारदेश आणि सासष्टी हे तालुके त्यांच्याकडे आले. गोवा शहराभोवतीच्या तिसवाडीतली देवळं १५४०च्या आसपास पाडली गेली, सासष्टीतली बहुतेक १५६७मध्ये. १५४६मध्ये जेझुइट या कॅथलिक धर्मप्रसारक पंथातल्या फ्रान्सिस झेवियरने राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन पाठवण्याची मागणी केली होती. तो १५५२मध्ये वारला. न्यायालय आलं ते १५६०मध्ये. आदिलशाही काळच्या जुन्या वाड्यात ते बसलं आणि लोक त्या इमारतीला नुसतं 'व्हडलें घर' म्हणू लागले.

आधीचा रोख होता पोर्तुगालमधून आलेल्या, ज्यूंचे ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांवर. गार्सिया द ओर्ता हा त्यातला सर्वांत ठळक माणूस. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३मध्ये गोव्यातच छापला गेला. तो १५६८मध्ये गेला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळलं आणि १५८०मध्ये खुद्द ओर्ताची हाडं उकरून काढून जाळली. ज्या माणसाने इथल्या वैद्यांकडून शिकून युरोपला हिंदुस्थानची औषधं समजावून दिली, त्याची ही गत.

नंतर रोख वळला इथल्या बाटलेल्यांकडे. घरात लपून जुने देव पूजणं, जुने सण करणं हा मुख्य आरोप. खटला कसा चालायचा ते नीट बघा, कारण सगळं नुकसान त्या पद्धतीत आहे. पकडलेल्या माणसाला आरोप सांगत नसत. तक्रार कोणी केली हे तर कधीच सांगत नसत. 'तुला इथे का आणलं असेल ते तूच आठव आणि कबूल कर,' असं त्यालाच विचारायचं. कबुली पुरी धरली जायची ती त्याने इतरांची नावं सांगितल्यावर. मालमत्ता आधीच सील झालेली असायची.

शार्ल देलों हा फ्रेंच डॉक्टर दमणला राहत होता. १६७३मध्ये त्याला पकडलं आणि नंतर गोव्याला आणलं. सुटून मायदेशी गेल्यावर त्याने १६८७मध्ये आपली हकिगत छापली, म्हणून आपल्याला आतलं कळतं. भिक्षेच्या पेटीवरच्या संताच्या चित्राचं त्याने चुंबन घेतलं नव्हतं, गप्पांत बाप्तिस्म्याबद्दल काही मत दिलं होतं, अशा गोष्टी त्याच्याविरुद्ध जमा झाल्या होत्या. पण त्याची स्वतःची खात्री अशी की खरं कारण दमणच्या गव्हर्नरचा मत्सर, आणि तोही एका स्त्रीवरून. कोठडीत कोणाशी बोलायची बंदी. त्याने जीव द्यायचाही प्रयत्न केला. जानेवारी १६७६मध्ये त्याला अनवाणी मिरवणुकीत चालवून शिक्षा सुनावली.

त्याने लिहून ठेवलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. अनेक साक्षीदारांनी नाव घेतलेल्या माणसाला सुटायचं असेल तर ते साक्षीदार कोण असावेत हे ओळखून त्यांची नावं सांगावी लागत. आता त्याला काय माहीत? मग तो ओळखीच्या सगळ्यांची नावं घेत सुटायचा. नातेवाईक, मित्र, कधीकाळी घरी जेवून गेलेले. त्यातले निरपराध पुढच्या खेपेला आत. मला तरी यात लोकांच्या आत्म्याची काळजी कुठे दिसत नाही. ओळखीचं प्रत्येक माणूस धोक्याचं ठरेल अशी व्यवस्था दिसते.

१७७४मध्ये पोर्तुगालचा मुख्य मंत्री पोंबाल याने हे न्यायालय बंद केलं, १७७८मध्ये ते परत सुरू झालं, आणि १८१२मध्ये कायमचं संपलं. कागदपत्रांचा बहुतेक भाग नंतर नष्ट केला गेला. उरलेल्या नोंदींवरून १५६१ ते १७७४ या काळातले १६,२०२ आरोपी मोजले गेले आहेत. त्यांतल्या ५७ जणांना प्रत्यक्ष जाळलं आणि ६४ जणांच्या प्रतिमा जाळल्या. प्रतिमा यासाठी की ते माणूस आधीच मेलेलं किंवा पळालेलं होतं.

गोवा, वसई, चौल, दमण इथल्या घरांत याच्या काय आठवणी उरल्या आहेत, आणि इतर देशांत अशा पाळतीने लोकांचं काय झालं, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी जरूर लिहावं.

अबोली

चांगला धागा. मी फोंड्याची, म्हणजे अंत्रुजातली. आमच्याकडे बाहेरचे लोक देवळं बघायला येतात आणि विचारतात की एवढ्याशा तालुक्यात इतकी मोठी देवळं कशी? कारण हे सगळे देव निर्वासित आहेत. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, रामनाथ लोटलीहून बांदोड्याला, महालक्ष्मी कोलव्याहून बांदोड्याला. मडगावचा दामोदर जांबावलीला. तेव्हा फोंडा पोर्तुगीजांकडे नव्हता, नदी ओलांडली की त्यांचं राज्य संपायचं. रात्री होडीतून मूर्ती नेल्या असं आमच्याकडे म्हातारी माणसं सांगत.

पण देवांपेक्षा माणसांचं काय झालं ते बघा. १५५९च्या कायद्याने अनाथ हिंदू मुलं ताब्यात घेऊन जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजात द्यायची असं ठरलं. पुढे 'अनाथ' याचा अर्थ ताणत ताणत, बाप वारला की आई हयात असली तरी मूल अनाथ, इथवर नेला. घरात नवऱ्याचं प्रेत आणि बाईला काळजी पोराला खाडीपार कसं पोचवायचं याची. अशा घराची बातमी कोण देणार? गावातलंच कोणीतरी. बातमी देणाऱ्यालाही आपली निष्ठा दाखवायची निकड असायची.

त्यात हिंदू गावकरांना गावकरीच्या सभेतून बाजूला सारणारे हुकूम निघाले. गावकरी म्हणजे गावाची जमीन, बांध, पाणी, देवळाचा खर्च सगळं एकत्र बसून ठरवायची जागा. तिथेच भिंत उभी राहिली. सख्खे भाऊ, एक आत आणि एक बाहेर.

सह्यभटक्या

लेख आवडला, पण एक शंका मनापासून विचारतो. दोनशेहून जास्त वर्षांत ५७ माणसं जाळली. प्रत्येक जीव मोलाचा हे मान्य. पण त्याच काळात एकेका लढाईत, एकेका दुष्काळात हजारोंनी माणसं गेली. मग इन्क्विझिशनने समाज मोडला असं म्हणताना आपण त्याला जास्त मोठं करत नाही आहोत ना? गोव्याची वाट लागायला रोगराई आणि डच आरमार ही कारणं होतीच की.

मांडवीकाठ

@सह्यभटक्या, शंका योग्य आहे. जुनं गोवा शहर ओस पडलं त्यात साथींचा आणि डचांचा वाटा मोठा होता, ते मी नाकारत नाही.

पण ५७ हा आकडा धरून भीती मोजता येत नाही. १६,२०२ खटले धरा. प्रत्येक खटल्यामागे कोणीतरी बोललेलं आहे, आणि आत गेलेल्या प्रत्येकाने बाहेर पडण्यासाठी आणखी नावं दिली असणार. जुन्या काबिजादी म्हणजे तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी, इतका लहान मुलूख. तिथल्या गावात एखाद्याला नेलं तर ते कोणामुळे, याची कुजबूज पिढ्यानपिढ्या चालणार. नाव अधिकृतपणे कधीच बाहेर येत नाही, त्यामुळे संशय सगळ्यांवर. ज्याने काहीच केलं नाही तोही संशयातून सुटत नाही.

शिवाय जाळण्याखेरीजच्या शिक्षा बघा. गलबतावर वल्ही मारायला पाठवणं, हद्दपारी, मालमत्ता जप्त, भर रस्त्यातून विशिष्ट झगा घालून चालवणं. शिक्षा झालेल्याच्या वंशजांना मानाच्या जागा बंद. बापाचा खटला नातवाच्या नोकरीआड यायचा. आणि व्यापाराचं म्हणाल तर १८व्या शतकाच्या पूर्वार्धात पोर्तुगालच्या एका व्हाइसरॉयनेच राजाला लिहिलं की या न्यायालयाच्या भीतीने लोक राज्य सोडून इंग्रजांच्या मुंबईकडे जात आहेत. तक्रार करणारा त्यांचाच माणूस होता.

जुनी वही

सह्यभटक्या यांच्या प्रश्नाला धरून. स्पेनच्या इन्क्विझिशनवर तीन अर्थशास्त्रज्ञांनी २०२१मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. ६७,५२१ खटल्यांच्या नोंदी घेतल्या आणि कोणत्या गावात किती छळ झाला ते मांडलं. मग त्याच गावांची आजची परिस्थिती पाहिली. जिथे छळ जास्त झाला तिथे आजही उत्पन्न कमी, शिक्षण कमी आणि लोकांचा एकमेकांवरचा विश्वास कमी. ती गावं आधीपासूनच गरीब होती म्हणून असं दिसतं का, हेही त्यांनी तपासलं. तसं आढळलं नाही.

स्पेनचं इन्क्विझिशन १८३४मध्ये संपलं. म्हणजे पावणेदोनशेहून जास्त वर्षांनीही खूण शिल्लक आहे. मला यातलं कारण सरळ वाटतं. अशा राज्यात लक्ष वेधून घेणारा माणूस सापडतो. जो वाचतो, प्रश्न विचारतो, परक्यांशी व्यवहार करतो, नवीन काही करून बघतो. आईबाप मुलांना शिकवणार की पुढे येऊ नको, चारचौघांत बोलू नको. दहा पिढ्या हे शिकवलं की त्यातून घडणारा समाज कसा असेल? गोव्यासाठी असा अभ्यास कोणी केल्याचं माझ्या वाचनात नाही, आणि कागदच जाळले गेल्याने तो अवघड आहे.

पारावरचा

हे सगळं वाचून संताप होतो. याचा हिशेब कधीतरी मागायला नको का? त्या लोकांचे वारस आज आपल्यात आहेत, त्यांनी कधी माफी मागितली?

वांद्र्याची लेक

@पारावरचा, मी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडच्या मूळच्या मराठी ख्रिस्ती समाजातली. वांद्रे, साष्टी (ही मुंबईकडची, गोव्यातली सासष्टी वेगळी), वसई हा सगळा भाग १७३९पर्यंत पोर्तुगीजांकडे होता, आणि गोव्याच्या या न्यायालयाचा हात इथपर्यंत पोचत होता. देलोंला दमणहून उचललं ते धाग्यातच आलंय. तर तुम्ही ज्यांना वारस म्हणता ते आम्हीच का?

आमच्याकडे लग्नाआधी उंबराचं पाणी आणतात. वाजतगाजत विहिरीवर जायचं, पाणी आणून नवऱ्या मुलाला न्हाऊ घालायचं. आजीच्या तोंडी लग्नाची गाणी होती, सगळी मराठीतली. ती माझी आजी रोज रोझरी म्हणायची. मी लहानपणी तिला विचारलं होतं की हे चर्चमध्ये का नाही करत? ती म्हणाली, हे घरातलं आहे, हे घरातच करायचं. तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नाही. आज धागा वाचताना मला त्या वाक्याची भीती वाटली. कितीतरी पिढ्यांमागे कोणीतरी खरोखर दार लावून ही गाणी म्हटली असतील.

मला कोणाकडून माफी नको आणि कोणाला द्यायचीही नाही. एवढंच म्हणते की ज्यांच्या घरात ही पाळत शिरली ते माझे पूर्वज होते.

मांडवीकाठ

@वांद्र्याची लेक, ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं.

@पारावरचा, तुमचा संताप समजतो, पण तो चुकीच्या दारात जातोय. इन्क्विझिशनचा अधिकार मुख्यतः बाप्तिस्मा झालेल्यांवर चालायचा. हिंदूंना त्याची झळ लागली, धर्मांतरात अडथळा आणला किंवा उघड पूजा केली म्हणून त्यांनाही पकडलं, आणि व्हाइसरॉयचे वेगळे जाचक कायदे होतेच. १५६७च्या सुमारास तर हिंदूंच्या याद्या करून त्यांना सक्तीने प्रवचनाला बसवायचे हुकूम झाले. पण रात्रंदिवस ज्याच्या चुलीवर नजर होती तो ख्रिस्ती झालेला गोंयकार. हिंदूला निदान खाडी ओलांडता येत होती. एकदा बाप्तिस्मा झालेल्याला जुन्या धर्माकडे परतणं हाच गुन्हा, आणि पळाला तर त्याची प्रतिमा जाळली जायची. आजच्या गोव्यातला, वसईतला, मंगळूरचा ख्रिस्ती माणूस हा त्या छळातून तरलेल्यांचा वंशज आहे. मंगळूरकडच्या ख्रिस्ती कुटुंबांतली कित्येक गोव्यातून बाहेर पडली त्यामागे हेही एक कारण होतं. सारस्वत कुटुंबं कारवार, मंगळूर, कोचीनकडे गेली आणि त्यांच्याच वाटेने ख्रिस्ती कुटुंबंही गेली.

आपण आजच्या शेजाऱ्याकडे संशयाने बघायला लागलो, तर त्या न्यायालयाने सुरू केलेलं काम आपणच पुढे नेऊ.

पारावरचा

ठीक आहे. बाप्तिस्म्याचा मुद्दा मला माहीत नव्हता. ताईंना दुखावायचा हेतू नव्हता.

लाइपझिगकर

मी बरीच वर्षं लाइपझिगमध्ये राहतो. धागा वाचताना इथली आठवण येणं अपरिहार्य होतं, म्हणून पूर्व जर्मनीबद्दल लिहितो.

इथे राज्य नास्तिकतेचं होतं, त्यामुळे श्रद्धा बाळगणं हाच संशय. विद्यापीठाचं जुनं चर्च, युद्धातून वाचलेलं, ३० मे १९६८ला सुरुंग लावून पाडलं. ज्यांनी विरोध केला त्यांची नोंद झाली. चर्चमध्ये दीक्षा घेणाऱ्या मुलांना पुढच्या शिक्षणाची दारं अरुंद व्हायची, कारण राज्याने त्याऐवजी आपला स्वतःचा समारंभ आणला होता आणि त्याला गेलं पाहिजे असा दबाव होता. म्हणजे चौदा वर्षांच्या मुलाला घरात ठरवावं लागे की देवाला धरायचं की डॉक्टर व्हायचं.

पाळत ठेवणाऱ्या खात्याचं नाव श्टाझी. १९८९मध्ये त्यांचे सुमारे ९१,००० पगारी कर्मचारी होते आणि सुमारे १,८९,००० बिनपगारी खबरे. खबऱ्यांमध्ये शेजारी होते, सहकारी होते, शिक्षक होते, पाद्रीसुद्धा होते. १९९२पासून लोकांना आपापल्या फायली वाचायला मिळाल्या. व्हेरा व्होलेनबेर्गर ही चर्चच्या आसऱ्याने चालणाऱ्या शांतता गटातली कार्यकर्ती, नंतर खासदार झाली. तिने फाइल उघडली तेव्हा कळलं की तिची बातमी देणारा तिचा नवराच होता.

फायली उघडाव्यात की नाही यावर तेव्हा इथे फार वाद झाला. लोक एकमेकांचे गळे धरतील असं म्हणत होते. तसं झालं नाही. घटस्फोट झाले, मैत्री तुटल्या, पण रक्त सांडलं नाही. माझ्या इमारतीतले एक वयस्कर गृहस्थ म्हणतात की फाइल वाचल्यावर त्यांना सर्वांत मोठा दिलासा मिळाला तो ज्यांनी बातमी दिली नव्हती त्यांच्याबद्दल. वीस वर्षं ते एका मित्राशी जपून बोलत होते. फायलीत त्या मित्राचं नाव कुठेच नव्हतं. पण तोवर मित्र गेला होता.

गोव्यात कागद जाळले गेले, असं वर आलंय. मला वाटतं त्यामुळे गोव्याला हा दिलासाही मिळाला नाही.

अबोली

@लाइपझिगकर, तुमची शेवटची ओळ वाचून थांबले. अगदी खरं आहे. आमच्याकडे अमक्या घराने तमक्या घराला दगा दिला अशा गोष्टी अजून सांगितल्या जातात. पुरावा कशालाच नाही, आणि नाही म्हणायलाही नाही.

काळा कोट

वकील म्हणून एक भर घालतो. आरोप सांगायचा, आरोप करणारा समोर आणायचा, त्याची उलटतपासणी करू द्यायची, स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडायचं नाही. ही आपल्याला कोरडी कलमं वाटतात. पण देलोंची हकिगत यांच्याशेजारी ठेवून वाचा. यातली एकेक गोष्ट तिथे मुद्दाम काढून घेतलेली दिसते. संविधानाच्या कलम २०मध्ये स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावू नये हे आहे, कलम २२मध्ये अटकेची कारणं सांगण्याचा हक्क आहे, कलम २५मध्ये धर्मस्वातंत्र्य आहे. २४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. माझ्या मते या सगळ्या तरतुदी एकमेकींना धरून आहेत. घरात काय चाललंय हे बघायचा अधिकार राज्याला बेलगाम दिला, तर धर्मस्वातंत्र्याचं कलम कागदावर राहतं, कारण धर्माचा बराचसा भाग घरातच असतो.

भरतीओहोटी

या घडीला हे कुठे चालू आहे तर चीनच्या शिनजियांगमध्ये. २०१७मध्ये तिथे 'असाधारण' दाढी आणि चेहरा झाकणारा बुरखा यांवर बंदीचे नियम आले, मुलांना ठेवायच्या काही नावांवरही बंदी आली. लाखो उइगुरांना छावण्यांत डांबलं. सरकारी माणसं 'नातेवाईक' म्हणून घरात राहायला पाठवतात. ती घरात राहून काय बघतात? नमाज पढतो का, उपास करतो का, डुकराचं मांस नाकारतो का.

आणि आता जोडीला यंत्र आहे. पोलिसांच्या मोबाइल ॲपमध्ये, पुढच्या दाराऐवजी मागच्या दाराने येजा करणं, शेजाऱ्यांशी फारसं न मिसळणं, नेहमीपेक्षा जास्त वीज वापरणं, अशाही गोष्टी संशयास्पद म्हणून नोंदवायची सोय होती. ह्यूमन राइट्स वॉचने ते ॲप तपासून २०१९मध्ये हे उघड केलं. ऑगस्ट २०२२मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने म्हटलं की हे मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात.

मांडवीकाठ यांनी लिहिलेलं मीठ आणि हे विजेचं मीटर मला एकाच जातीचं वाटतं. १७३६मध्ये चुलीपर्यंत पोचायला शेजारीण लागायची.

मांडवीकाठ

@भरतीओहोटी, हो. फक्त एक जोडतो. यंत्र आलं तरी त्यांनी माणसाला घरात पाठवणं सोडलेलं नाही, हे तुम्हीच लिहिलंय. माहिती यंत्रानेही मिळते. पण घरच्यांनी जेवताना एकमेकांकडे बघून गप्प बसावं, हे घरात माणूस बसवल्याशिवाय साधत नाही. मुलासमोर बोलायचं की नाही, असा प्रश्न आईला पडला की काम झालं.

सह्यभटक्या

माझ्या शंकेचं बरंचसं निरसन झालं. आता उलट विचारतो. एवढं करूनही त्यांना हवं होतं ते मिळालं का? अबोली, तुमच्याकडे काय दिसतं?

अबोली

नाही मिळालं. ख्रिस्ती लग्नात अजून रोस असतो, नवरा-नवरीला नारळाचा रस लावून न्हाऊ घालतात, आणि त्या वेळी वोव्यो म्हणतात. म्हणजे फर्मानातल्या हळदीची जागा नारळाने घेतली, पण रीत राहिली.

कुंकळ्ळीचं तर बघाच. १५८३मध्ये तिथल्या लोकांनी पाच जेझुइटांना मारलं. मग पोर्तुगीजांनी गावच्या मुख्य गावकरांना बोलणी करायला असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारून टाकलं. गावची शांतादुर्गा फातर्प्याला गेली. आणि आज दरवर्षी देवी फातर्प्याहून कुंकळ्ळीत येते तेव्हा बारा वांगडांच्या (गावकरांच्या कुळांच्या) बारा छत्र्या मिरवणुकीत असतात आणि तिथले ख्रिस्ती गावकरही आपला मान घेतात. मी ती मिरवणूक पाहिली आहे. गुलालाने सगळे इतके माखलेले असतात की कोण कोणत्या धर्माचा ते कळत नाही.

पण सगळंच टिकलं असं म्हणून समाधान मानू नका. १६८४मध्ये व्हाइसरॉयने हुकूम काढला की तीन वर्षांत सगळ्यांनी कोकणी सोडून पोर्तुगीज बोलायचं. संभाजी महाराजांची स्वारी आदल्याच वर्षी होऊन गेली होती, ते घाबरलेले होते. लोकांनी भाषा सोडली नाही. पण सोळाव्या शतकात जाळलेल्या पोथ्या परत आल्या नाहीत. ज्या रायतूरला १६१६मध्ये फादर स्टीफन्सने मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण छापलं, त्याच सासष्टीत नंतर लग्नातली ओवी गुन्हा ठरली. भाषा घरात राहिली आणि लिहिण्यातून गेली. तुम्ही विचाराल की मधल्या शे-दीडशे वर्षांत जुन्या काबिजादीतल्या बाईने काय गायलं, तर सांगायला कागद नाही.

जुनी वही

@अबोली, गोव्यातल्या मूळच्या गावडा समाजाबद्दलही लिहा ना. १९२८मध्ये मसूरकर महाराज साताऱ्याकडून गोव्यात गेले आणि हजारो ख्रिस्ती गावड्यांना परत हिंदू धर्मात घेतलं, एवढंच मला माहीत आहे.

अबोली

हो, त्यांना नवहिंदू गावडे म्हणतात. पण त्यात आनंदाचीच गोष्ट सांगून थांबता येत नाही. आधीच्या हिंदू गावड्यांत आणि यांच्यात रोटीबेटीचे व्यवहार लगेच सुरू झाले नाहीत. त्यांना आपला वेगळा समाज करून राहावं लागलं. चारशे वर्षांपूर्वी ज्यांच्या पूर्वजांना विचारून काही केलं नव्हतं, त्यांच्याकडे एका बाजूने सोडून गेलेले म्हणून बघितलं आणि दुसऱ्या बाजूने उशिरा आलेले म्हणून.

वांद्र्याची लेक

एक प्रश्न. कागद जाळले असं वर आलंय, मग १६,२०२ हा आकडा आला कुठून? आणि आमच्या साष्टी-वसईकडची नावं कुठे सापडतील का? मला आजीच्या गावापासून सुरुवात करायची आहे.

मांडवीकाठ

ताई, खटल्यांचे मूळ कागद गेले, पण लिस्बनशी होणारा पत्रव्यवहार आणि तिकडे पाठवलेल्या याद्या उरल्या. जुआंव देल्गादो फिगेइरा या अधिकाऱ्याने १६२३मध्ये तोवरच्या सुमारे ३,८०० खटल्यांची एक मोठी अनुक्रमणिका केली होती, ती लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यात आरोपीचं नाव आणि आरोप असा तपशील मिळतो. बाकीचं लिस्बनच्या तोरे दो तोंबो या दफ्तरखान्यात शोधावं लागेल. आपल्याकडे पणजीचं पुराभिलेख खातं आहे, त्याची सुरुवातच १५९५मध्ये झाली. तिथे पोर्तुगीज अमलाचे बाकी कागद भरपूर आहेत. अनंत काकबा प्रियोळकरांनी १९६१मध्ये या न्यायालयावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, त्यात देलोंची हकिगतही आहे. सुरुवात तिथून करा.

जुनी पोर्तुगीज हस्ताक्षरं वाचता येणारं कोणी इथे असेल तर कळवा. उत्तर प्रांतातल्या, म्हणजे वसई-चौल-दमणकडच्या, गावांची नावं वेगळी काढून यादी करायला मी तयार आहे. अबोलीताई, सासष्टीच्या गावांची आजची नावं तुम्ही लावून द्याल का? पोर्तुगीज लेखनात कुठ्ठाळी आणि केळशी ओळखणंसुद्धा मला जड जातं.

अबोली

देते. कुठ्ठाळीपासून सुरुवात करू.